गावाची सत्ता नेमकी कुणाकडे? सरपंच, सदस्य, ग्रामसभा आणि गावकी यांबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायतीच्या कारभाराविषयी गावकऱ्यांकडून, नव्याने निवडून आलेल्या सदस्यांकडून आणि नोकरीनिमित्त गावाबाहेर राहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे महाराष्ट्रापुरती मर्यादित असून महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 हा त्यांचा मुख्य आधार आहे. कायद्यात काय लिहिले आहे हे सांगतानाच प्रत्यक्षात गावात काय घडते हेही सांगितले आहे, कारण विचारणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा या दोहोंमधल्या अंतरातूनच निर्माण झालेली असते.

1. गावात सर्वांत मोठा अधिकार कुणाचा: सरपंचाचा, ग्रामपंचायतीचा की ग्रामसभेचा?

ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्व व्यक्ती. ग्रामपंचायत म्हणजे त्यांनी निवडून दिलेले मंडळ, ज्यात लोकसंख्येनुसार 7 ते 17 सदस्य असतात. सरपंच हा त्या मंडळाचा प्रमुख. विकास आराखड्याला मान्यता देणे, योजनांच्या लाभार्थ्यांची निवड करणे आणि झालेल्या खर्चाचा हिशेब मागणे हे ग्रामसभेचे काम आहे. ठरलेले अंमलात आणणे हे ग्रामपंचायतीचे. 73व्या घटनादुरुस्तीने, जी 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली, ग्रामसभेला थेट संविधानात स्थान दिले.

कागदावर हा क्रम स्पष्ट आहे. व्यवहारात मात्र वर्षातून चार-पाच वेळा भरणाऱ्या सभेपेक्षा रोज कार्यालयात बसणाऱ्या माणसाचे वजन जास्त पडते. ग्रामसभेचा अधिकार ती भरेल तेवढाच आणि तिचे इतिवृत्त जसे लिहिले जाईल तसाच उरतो. या पानावरील बहुतेक प्रश्नांचे मूळ येथेच आहे.

2. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील यांच्यात वरिष्ठ कोण?

यांच्यात एक शिडी नाही. चौघांचा अधिकार चार वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो. सरपंच लोकांनी निवडलेला असतो. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर असून ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून काम करतो. 2024 मध्ये या पदाचे नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे झाले, तरी बोलण्यात ग्रामसेवक किंवा ‘भाऊसाहेब’ हेच चालते. तलाठी महसूल खात्याचा. सातबारा त्याच्याकडे, तर घराची कर आकारणी असलेला नमुना 8 ग्रामपंचायतीकडे. वारसनोंदीसाठी सरपंचाकडे खेटे घालणारे लोक ही गल्लत नेहमी करतात.

पोलीस पाटलाची नेमणूक 1967 च्या कायद्यानुसार प्रांताधिकारी करतात. पूर्वीची वंशपरंपरागत पाटीलकी 1 जानेवारी 1963 पासून कायद्याने संपली. आडनाव मात्र राहिले, वाडाही राहिला, आणि अनेक गावांत त्या वाड्याचा शब्दही बराच काळ चालत राहिला (प्रश्न 12 पाहा).

3. सरपंच थेट जनतेतून निवडला गेल्याने नेमका काय फरक पडला?

पूर्वी लोक सदस्य निवडत आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. 2017 मध्ये थेट निवडणूक आली, 2020 मध्ये ती रद्द होऊन जुनी पद्धत परतली आणि 2022 मध्ये पुन्हा थेट निवडणूक लागू झाली. सरकार बदलले की सरपंचाची निवडही बदलते, असे गमतीने म्हटले जाते. त्यामागचा हिशेब मात्र गंभीर आहे. जुन्या पद्धतीत सात-नऊ सदस्यांना सांभाळू शकेल असाच माणूस सरपंच होत असे. त्या सात-नऊ घरांची भावकी, त्यांचे जुने वाद आणि त्यांची कामे त्याला सतत मनात ठेवावी लागत. बहुमत एका मतावर असेल, तर तो एक सदस्य सरपंचापेक्षा बलवान ठरे. निकाल लागताच सदस्यांना सहलीला नेऊन निवडीच्या दिवशी थेट कार्यालयाच्या दारात उतरवण्याची प्रथा त्यातूनच पडली.

थेट निवडीत सरपंचाला सगळ्या गावाची मते लागतात. त्यामुळे मोठ्या वाडीचा किंवा मोठ्या भावकीचा उमेदवार पुढे जाण्याची शक्यता वाढते, आणि निवडून आल्यावर सदस्यांचे त्याच्यावरील दडपण घटते. ज्यांना हे स्थैर्य वाटते त्यांचेही बरोबर आहे आणि ज्यांना ही एकाधिकारशाहीची सुरुवात वाटते त्यांचेही अगदीच चूक नाही. आमच्या मते फरक गावाच्या आकाराने पडतो. सात सदस्यांच्या लहान गावात सरपंच कसाही निवडला तरी सर्वांच्या नजरेसमोर राहतो. दहा-बारा वाड्यांच्या ग्रामपंचायतीत थेट निवडून आलेल्या सरपंचाला लांबच्या वाडीकडे पाच वर्षे न फिरकताही पुन्हा निवडून येता येते.

जुन्या पद्धतीची एक विचित्र बाजूही सांगायला हवी. जानेवारी 2021 मध्ये राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक झाली, तेव्हा सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढण्यात आली. काही गावांत बहुमत मिळवलेल्या पॅनेलकडे आरक्षित प्रवर्गाचा एकही सदस्य नव्हता, म्हणून हरलेल्या पॅनेलचा एकमेव पात्र सदस्य सरपंच झाला आणि बहुमत समोरच्या बाकावर बसले.

4. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे. अशा वेळी कारभार कुणाच्या शब्दावर चालतो?

थेट निवडणुकीत हे नेहमी घडते. मासिक सभेतील ठराव बहुमताने होतात, त्यामुळे विरोधी सदस्य कोणतेही काम अडवू शकतात. मात्र सभा बोलावणे, विषयपत्रिका ठरवणे आणि सभेचे अध्यक्षपद ही तिन्ही सूत्रे सरपंचाच्या हातात असतात. म्हणजे बहुमताकडे ‘नाही’ म्हणण्याची ताकद असते आणि सरपंचाकडे प्रश्न काय विचारायचा हे ठरवण्याची. जो विषयपत्रिकेवर येतच नाही तो ठराव बहुमताने नामंजूरही करता येत नाही आणि मंजूरही.

ग्रामसेवक या ओढाताणीत कुठे उभा राहतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. अनुभवी ग्रामसेवक दोन्ही बाजूंना चालतील असे विषय, म्हणजे पाणी, दिवाबत्ती, कर्मचाऱ्यांचे पगार, आधी घेतो आणि भांडणाचे विषय पुढे ढकलतो. गाव चालते, पण मोठे काम होत नाही. सरपंच सभाच घेत नसेल, तर पुरेशा कारणाशिवाय सभा न बोलावणे हे स्वतंत्रपणे अपात्रतेचे कारण ठरू शकते. त्यासाठी प्रश्न 10 पाहा.

5. उपसरपंचपदाला फारसे अधिकार नसताना त्यासाठी एवढी चुरस का होते?

सरपंचाच्या गैरहजेरीत कारभार उपसरपंचाकडे येतो. सरपंचपद रिकामे झाले तर तो काळही त्याचाच. शिवाय हे पद आरक्षित नसल्याने, सरपंचपद आरक्षणात गेलेल्या गावात पूर्वीचे सत्ताधारी घर बहुधा उपसरपंचपदावरच दावा सांगते. निवडीत मते समसमान पडली तर सरपंचाचे निर्णायक मत असते, म्हणून सदस्यांची फूट कुठे पडते याकडे सगळ्यांचे लक्ष असते. काही ठिकाणी सदस्यांत आपसांत ठरवून हे पद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेतले जाते. अशा वाटणीला कायद्याचा कोणताही आधार नाही; ठरल्याप्रमाणे राजीनामा दिला नाही तर हाती फक्त नाराजी उरते.

6. ग्रामसभा वर्षातून किती वेळा व्हायला हवी आणि किती लोक हजर असावे लागतात?

आर्थिक वर्षात किमान चार. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा रूढ आहेत, परंतु सभा त्याच दिवशी घेतली पाहिजे असे नाही. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

मेख पुढे आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे ज्याला कमी लोकांत विषय मंजूर करून घ्यायचे असतात, तो पहिल्या सभेची दवंडी हळू आवाजात देतो. स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनानंतर शंभर माणसे सहज मिळतात. आठवड्याने भरणाऱ्या तहकूब सभेला पंचवीसही मिळत नाहीत. सभा तहकूब झाली म्हणून घरी जाणाऱ्यांनी पुढची तारीख विचारूनच उठावे.

7. ग्रामसभेत आम्ही उघड विरोध केला, पण प्रोसिडिंगमध्ये ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले गेले. आता काय करता येईल?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर.

सभा सुरू होण्यापूर्वी हजेरीसाठी एक वही फिरते. त्या वहीवर लोक सही किंवा अंगठा करतात, चहा घेतात आणि सभेला बसतात. पुष्कळ ठिकाणी ही हजेरी आणि इतिवृत्त एकाच नोंदवहीत असते: आधी सह्या, मग ठरावांसाठी कोरी पाने. चर्चा चालू असताना ग्रामसेवक कच्च्या कागदावर टिपणे काढतो आणि पक्के इतिवृत्त नंतर लिहिले जाते. ‘नंतर’ म्हणजे संध्याकाळी असू शकते आणि चार दिवसांनीही. त्या मधल्या वेळात सूचक आणि अनुमोदक म्हणून कुणाची नावे घालायची, विरोध नोंदवायचा की नाही, आणि शेवटच्या ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या मथळ्याखाली काय बसवायचे, हे ठरते. सभेत ज्याचा उल्लेखही झाला नाही असा विषय या मथळ्याखाली मंजूर झालेला अनेकांनी पाहिला असेल. तुमची हजेरीची सही तेव्हा त्या ठरावाच्या बाजूने उभी राहते.

म्हणून विरोध तोंडी न ठेवता लेखी द्यावा. सभेतच दोन ओळींचा अर्ज अध्यक्षांकडे द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि ठरावाच्या बाजूने व विरोधात किती हात वर झाले याची नोंद घ्यावी अशी मागणी सर्वांसमक्ष करावी. इतिवृत्त सभेतच वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा; एकट्याने धरल्यास तो त्रागा ठरतो, दहा जणांनी धरल्यास पद्धत पडते. नंतर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून इतिवृत्ताची प्रत मागता येते आणि 30 दिवसांत ती मिळायला हवी. खोटी नोंद आढळल्यास पहिली तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे, लेखी पोचेसह. लेखी विरोधाची प्रत हाती नसेल तर तक्रार ‘आमचे म्हणणे विरुद्ध दप्तर’ अशी होते, आणि त्या सामन्यात दप्तर जिंकते.

ग्रामसेवकांच्या बाजूनेही एक सांगणे आवश्यक आहे. एका ग्रामसेवकाकडे कधी कधी दोन-तीन गावांचा भार असतो आणि शंभर लोक एकाच वेळी बोलत असताना अचूक टिपण अशक्य असते. सगळ्याच चुका हेतुपुरस्सर नसतात. ठरावाचा मसुदा आधीच लिहून आणणाऱ्या गावकऱ्याचे शब्द इतिवृत्तात जसेच्या तसे उतरतात, हा अनुभव या कारणासाठीच येतो.

8. पैशाचे अधिकार एकट्या सरपंचाकडे असतात का?

नाहीत. ग्रामपंचायतीचे बँक खाते सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त सहीने चालते. दोघांपैकी एकाने सही थांबवली तर पैसे थांबतात, म्हणूनच या दोघांचे जमणे किंवा न जमणे ही गावातील सर्वांत महत्त्वाची राजकीय घटना असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी राज्यात 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्याचे ठरले. त्यातही मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला असल्याने ‘निधी आला पण आमच्या गल्लीत काँक्रीट का नाही’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा नियमात असते, हेव्यादाव्यात नव्हे.

मात्र कोणते काम कोणत्या वाडीत घ्यायचे हे आराखडा तयार होतानाच ठरते. आराखड्याच्या ग्रामसभेला न येता कामाच्या भूमिपूजनाला येऊन भांडण्याचा उपयोग होत नाही. आणि आमदार-खासदार निधीतील कामांचा मार्ग वेगळा आहे. तेथे सरपंचाचे वजन तालुक्यातल्या नेत्याशी असलेल्या संबंधांवर मोजले जाते; गावात लोकप्रिय असूनही वर ओळख नसलेला सरपंच याच जागी कमी पडतो.

9. आमच्या सरपंच महिला आहेत, पण सगळा कारभार त्यांचे पती पाहतात. हे कायदेशीर आहे का?

नाही. सरपंचाचे अधिकार व्यक्तीला मिळतात, कुटुंबाला मिळत नाहीत. पतीने सरपंचाच्या खुर्चीवर बसणे, सभेचे संचालन करणे किंवा कागदांवर पत्नीच्या नावे सही करणे याला कोणताही आधार नाही. शेवटची गोष्ट तर गुन्हा आहे. असे होत असल्यास सदस्य सभेतच हरकत नोंदवू शकतात आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतात.

राज्यात पंचायतींमधील महिला आरक्षण एक तृतीयांशावरून 2011 मध्ये 50 टक्के झाले. पहिल्या फेरीत अनेक घरांनी ‘आपलीच जागा, फक्त नाव बाईचे’ असा हिशेब केला, हे खरे आहे. पण तेथेच थांबून सगळ्या महिला सरपंचांना नामधारी म्हणणे अन्यायाचे आहे. पहिली सहा महिने पतीला विचारून सही करणारी बाई वर्षभरात प्रशिक्षणाला जाते, पंचायत समितीत स्वतः बोलते, कॅशबुक वाचायला शिकते, आणि एके दिवशी घरच्यांनी पुढे केलेल्या बिलावर ‘आधी मोजमाप पुस्तिका दाखवा’ असे म्हणते. घरातली कुरबूर तेथून सुरू होते. अशा बाईला गावाची साथ लागते ती नेमकी याच वेळी.

उलट दिशेनेही सत्ता वापरली जाते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचांना सरकारी जागेवरील घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवण्यात आले होते. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि महिला सरपंच झाल्याचे गावातील काहींना रुचले नसल्याचे हे प्रकरण असल्याचे निरीक्षण नोंदवले. कारभारात स्वतः लक्ष घालणाऱ्या महिला सरपंचाविरुद्ध तक्रारी अचानक वाढतात, हे तालुक्याच्या कोणत्याही कार्यालयात ऐकायला मिळेल.

10. सरपंचाला पाच वर्षांच्या आत कसे हटवता येते?

तीन रस्ते आहेत आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळ्या कार्यालयात आहे.

अविश्वास प्रस्तावाची नोटीस तहसीलदारांकडे द्यावी लागते. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिल्या दोन वर्षांत आणि मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत प्रस्ताव आणता येत नाही. सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने तो मंजूर झाल्यावरही सरपंच लगेच जात नाही. विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान होऊन साध्या बहुमताने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. ज्याला गावाने निवडले त्याला गावानेच काढावे, हा त्यामागचा विचार. सदस्यांनी ठराव जिंकायचा आणि ग्रामसभेत सरपंचाने बाजी उलटवायची, असे त्यामुळे घडू शकते.

दुसरा रस्ता गैरवर्तनाचा. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून दूर करू शकतात, आणि त्यावर शासनाकडे अपील होते. तिसरा रस्ता अपात्रतेचा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्याचे वर्णन पुढच्या उत्तरात आहे.

11. तिसरे अपत्य किंवा अतिक्रमण यावरून सदस्यत्व खरोखर जाते का?

जाते. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यसंख्या दोनपेक्षा जास्त होत असेल, तर ती व्यक्ती निवडणूक लढवण्यास आणि पदावर राहण्यास अपात्र ठरते. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असण्याची अट आहे. आरक्षित जागेवरून निवडून आलेल्याला जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यावे लागते.

अतिक्रमणाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात, ज्याने मूळ अतिक्रमण केले तोच अपात्र, असा अर्थ लावला गेला होता. 2018 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त या प्रकरणात, कुटुंबाने केलेले अतिक्रमण सदस्य पुढे चालू ठेवत असेल तर त्यालाही ते लागू होते, असे ठरवले. सासऱ्याने गायरानावर घातलेली पडवी सुनेचे सदस्यत्व घालवू शकते ते त्यामुळे.

या तरतुदी शुद्ध हेतूने आल्या असतील; गावात त्या शस्त्रासारख्या वापरल्या जातात. निवडणूक हरलेले पॅनेल निकालानंतर विजयी सदस्यांच्या घरांची मोजणी मागवते. आपल्याही घराची पडवी गायरानात आहे हे माहीत असलेले लोक मात्र असा अर्ज सहसा करत नाहीत, आणि काही गावांत शांतता टिकून आहे ती एवढ्यामुळेच.

12. ज्यांच्याकडे पद नाही अशी माणसे गाव चालवतात, ते कसे?

अडीअडचणीला उपयोगी पडून. दवाखान्यात नेण्यासाठी गाडी देणारा, सोसायटीच्या कर्जाला जामीन राहणारा, दूध संघात किंवा साखर कारखान्यात मुलाला चिकटवणारा, लग्नाची बोलणी जमवणारा, असा माणूस निवडणुकीला उभा राहत नाही. तो उमेदवार उभे करतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नसल्याने ‘पॅनेल’ हेच खरे एकक असते आणि पॅनेलप्रमुख बहुधा पडद्यामागे असतो. विकास सोसायटीचा चेअरमन, शिक्षण संस्थेचा संचालक आणि देवस्थानचा विश्वस्त ही पदे एकाच घरात असतील, तर त्या घराला सरपंचपदाची गरज उरत नाही.

पदाशिवायचे नेतृत्व नेहमी आर्थिक उपकारांवरच उभे असते असे मात्र नाही. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांचा शब्द सरपंचपदावर न बसता चालला. त्यामागे स्वतःची मिळकत नसणे, मंदिरात राहणे आणि श्रमदानात पुढे असणे याचे नैतिक वजन होते. त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दुसरा मार्ग घेतला. तेथे पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले आणि पाणलोटाची कामे, कुऱ्हाडबंदी व पाण्याचा ताळेबंद ही सगळी घडी ग्रामसभा आणि पंचायत यांच्यामार्फत बसवली. नैतिक वजनाचा वारसदार नेमता येत नाही, पद्धतीचा येतो, म्हणून इतर गावांनी उचलण्याजोगे हिवरे बाजारकडे अधिक आहे असे आम्हांला वाटते.

13. निवडणूक बिनविरोध झाली की गावात एकोपा आहे असे समजायचे ना?

तसे सरसकट समजू नये. बिनविरोध निवड म्हणजे कुणीतरी माघार घेतली, आणि ती का घेतली हे पाहावे लागते. समजुतीने, पाळीपाळीने वाड्यांना संधी देऊन झालेली निवड वेगळी आणि ‘अर्ज काढ, नाहीतर बघून घेऊ’ यातून झालेली वेगळी.

पैशाचे टोक 2021 च्या निवडणुकीत दिसले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे मंदिराच्या बांधकामासाठी सरपंचपदाची बोली 2 कोटी 5 लाख रुपयांपर्यंत गेली, तर नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे 42 लाखांपर्यंत. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. पैसा मंदिरासाठी होता, खिशात गेला नाही, असे समर्थन तेव्हा ऐकू आले. पण बोली लावू न शकणाऱ्या माणसाचा उमेदवारीचा हक्क त्या रात्री विकला गेला होता, आणि विकणाऱ्यांना तो विकण्याचा अधिकार नव्हता. त्याच वर्षी हिवरे बाजारमध्ये सुमारे 30 वर्षांनंतर प्रथमच प्रत्यक्ष मतदान झाले आणि पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. लढत झाली म्हणून गाव मोडले नाही.

14. गावकीने किंवा जात पंचायतीने आमच्या घराशी संबंध तोडण्याचा निर्णय घेतला आहे. सरपंच काही करू शकतो का?

सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे. 3 जुलै 2017 पासून लागू असलेल्या या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बहिष्काराचा निर्णय घेणाऱ्या बैठकीत सामील होऊन त्याच्या बाजूने मत देणेही गुन्ह्यात येते. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते.

सरपंचाने मध्यस्थी करावी, पण अनेकदा तो त्याच गावकीचा घटक असतो आणि पालखी कुणाच्या दारात थांबणार, कुणाची वर्गणी घेतली जाणार नाही, हे ठरवणाऱ्या बैठकीत गप्प बसलेला असतो. म्हणून त्याची वाट पाहत बसू नये. वर्गणी नाकारल्याची पावती, निरोप, मोबाईलवरील संदेश असे जे पुरावे मिळतील ते आधी जपून ठेवावेत. अशा बैठकांचे प्रोसिडिंग कुणी लिहीत नाही.

15. ग्रामसभेने केलेला ठराव सर्वांवर बंधनकारक असतो का?

विषय ग्रामसभेच्या कायदेशीर अधिकारातला असेल तर ग्रामपंचायतीने तो पाळावा लागतो. त्याबाहेरचा ठराव म्हणजे गावाने व्यक्त केलेली इच्छा. संविधानाने दिलेले हक्क काढून घेणारा ठराव, मग तो कितीही हात वर करून झालेला असो, निरर्थक आहे.

पण ‘फक्त इच्छा’ म्हणून हिणवण्यासारखेही काही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागे शिक्षेची तरतूद नव्हती. तरीही त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हे उदाहरण घेण्यास सांगितले. अंत्यविधीच्या वेळी ‘आपल्या गावाचा ठराव आहे’ एवढे वाक्य उच्चारता येणे, हेच त्या घरातल्या बाईला मिळालेले पाठबळ असते.

दारूबंदीचा मार्ग मात्र वेगळा असून तेथे ग्रामसभेच्या ठरावावर काम भागत नाही. परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींची मते ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे बंदीच्या बाजूच्या चिन्हाला, मिळावी लागतात. हजर असलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतील निम्म्या. मुंबईला गेलेली सून आणि अंथरुणाला खिळलेली आजी यांची गैरहजेरी म्हणजे व्यवहारात उभ्या बाटलीला मत.

16. आमचे गाव पेसा क्षेत्रात आहे. तेथे हेच नियम लागू होतात का?

बरेचसे होतात, पण ग्रामसभेचे स्थान तेथे खूप वरचे आहे. पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा कायदा; तो 1996 चा आणि महाराष्ट्राचे त्याखालील नियम 2014 चे. अनुसूचित क्षेत्रात पाडा किंवा वस्ती आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकते, म्हणजे एका ग्रामपंचायतीत अनेक ग्रामसभा असू शकतात. गौण वनोपज, गौण खनिज, जमिनीचे हस्तांतरण, सावकारी, मद्यविक्री या विषयांत त्यांचे म्हणणे निर्णायक किंवा निदान आवश्यक ठरते.

गडचिरोलीतील मेंढा लेखा हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा कायद्याच्याही आधीची. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर बांबू विकण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने हाती येण्यासाठी, म्हणजे वाहतूक पासचे पुस्तक ग्रामसभेकडे येण्यासाठी, 2011 उजाडावे लागले. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला जातो. याला वेळ फार लागतो, आणि दहा हजार वस्तीच्या गावात ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. पण ज्या निर्णयाची अंमलबजावणी प्रत्येकाने जंगलात एकट्याने असताना पाळायची आहे, तेथे 51 विरुद्ध 49 चा ठराव पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो.

17. आम्ही मुंबईला राहतो, पण गावात घर आहे आणि मंडळामार्फत वर्गणीही देतो. ग्रामसभेत आम्हांला मत आहे का?

तुमचे नाव गावाच्या मतदारयादीत असेल तरच. घर, जमीन, घरपट्टीची पावती किंवा देवळाच्या जीर्णोद्धाराला दिलेली देणगी यामुळे ग्रामसभेचे सदस्यत्व मिळत नाही. दोन्हीकडच्या याद्यांत नाव ठेवणे कायद्याने चालत नाही, हेही लक्षात घ्यावे. मतदार नसलेल्या व्यक्तीने ग्रामसभेत बोलायचे असल्यास अध्यक्षांची परवानगी लागते.

कोकणात मुंबईकर मंडळांचा गावच्या निर्णयांवर मोठा प्रभाव असतो आणि शिमगा-गणपतीत होणाऱ्या गावकीच्या बैठकांत रस्ता, नळयोजना, सभामंडप यांचे निर्णय घेतले जातात. त्या बैठका म्हणजे ग्रामसभा नव्हे. मंडळाच्या पैशातून होणाऱ्या कामासाठी जागा ग्रामपंचायतीची असेल, तर तिचा ठराव आधी घ्यावा. तो न घेता बांधलेला सभामंडप पुढे सरकारी जागेवरील अतिक्रमण म्हणून कुणाच्या तरी अर्जात येतो, आणि तेव्हा वर्गणीची यादी कामाला येत नाही.